ईसीजी नॉर्मल होता, मग अटॅक कसा आला?

या महिन्यात आलेल्या पत्रांतली बरीचशी ईसीजीबद्दलची आहेत. पहिल्या पत्राला मी सगळ्यात जास्त जागा देते आहे. त्याचं कारण उत्तरात येईल.

प्रश्न : माझे वडील ६१ वर्षांचे आहेत. रात्री जेवण झाल्यावर ‘छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटतंय’ म्हणाले. आम्ही लगेच जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. गॅसेस आहेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. आम्हीही सुटकेचा निःश्वास टाकला. पहाटे तीनला त्यांना दरदरून घाम फुटला, उलटी झाली. मोठ्या हॉस्पिटलात नेलं तर हार्ट अटॅक निघाला. अँजिओप्लास्टी झाली, आता घरी आहेत, पण इकोमध्ये पंपिंग ४० टक्के आलं आहे. काका म्हणतात, पहिला ईसीजीच चुकीचा काढला, केस करा. आई म्हणते, मशीन जुनं असेल. ईसीजी इतका चुकू शकतो का? दोन्ही ईसीजींचे फोटो सोबत पाठवत आहे.
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : फोटो पाठवलेत म्हणून नेमकं लिहिता येतंय. पहिल्या ईसीजीवर वेळ छापली आहे रात्री ९.५२. तो मी भिंग घेऊन पाहिला, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिला. नीट काढलेला आहे, तारा जागच्या जागी आहेत, आणि त्यात अटॅकची खूण नाही. तेव्हा आईंना सांगा, मशीनचा दोष नव्हता. वाचणाऱ्यानेही तो बरोबरच वाचला. चूक झाली ती पुढच्या पायरीला. ईसीजी नॉर्मल आहे, म्हणजे अटॅक नाही, असं धरून बाबांना घरी पाठवलं गेलं.

तो गुलाबी चौकटींचा कागद एकदा हातात घ्या. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो, त्यामुळे एक बारीक चौकोन म्हणजे सेकंदाचा पंचविसावा भाग. असे पाच मिळून एक मोठा चौकोन, तो सेकंदाचा पाचवा भाग. आता खालची लांब पट्टी डावीकडून उजवीकडे मोजत जा. साधारण पन्नास मोठे चौकोन भरतील. म्हणजे दहा सेकंद. बाबांचं हृदय त्या रात्री ९ वाजून ५२ मिनिटांनी दहा सेकंद कसं होतं, एवढंच तो कागद सांगतो. दहा वाजता ते कसं होतं, हे त्याला ठाऊक नाही.

अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळीत गुठळी होते. ही गुठळी दार लावल्यासारखी एकदाच बसते असं नाही. ती थोडी बसते, थोडी सुटते, पुन्हा बसते. म्हणून दुखणंही येतं, ओसरतं, परत येतं. नळी पूर्ण बंद झाली की त्या भागातल्या स्नायूची वीज बदलते. आधी टी नावाची लाट उंच आणि रुंद होते, मग तिच्या अलीकडचा एसटी हा भाग, जो एरवी सपाट असतो, वर उचलला जातो. हॅरॉल्ड पार्डी या अमेरिकन डॉक्टरांनी १९२० साली ही खूण वर्णन करून ठेवली. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण नळी आत्ताच्या आत्ता उघडायची का, हे आजही आम्ही पहिल्यांदा या एसटीवरूनच ठरवतो. शेजारशेजारच्या दोन लीडमध्ये (लीड म्हणजे हृदयाकडे पाहण्याची एक बाजू) एसटी मिलिमीटरभर वर असेल, छातीच्या मधल्या लीडमध्ये त्याहून थोडी जास्त, तर रक्ताच्या रिपोर्टची वाटही पाहायची नसते. नळी अर्धवट बंद असेल तर मात्र एसटी खाली जाते, किंवा टी उलटी होते, किंवा कागदावर काहीच उमटत नाही. ईसीजी साफ आणि रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वाढलेलं, असे अटॅकचे पेशंट आम्ही नेहमी पाहतो.

आणखी एक अडचण जागेची आहे. ईसीजीला दहा तारा लावतात, त्यातून हृदयाच्या बारा बाजू दिसतात. या सगळ्या पुढून आणि कडेने पाहणाऱ्या. हृदयाची पाठीमागची भिंत त्यांना नीट दिसत नाही. तिथला संशय आला तर तीन तारा डाव्या खांद्यामागच्या चपट्या हाडाखाली, पाठीवर लावून पाहाव्या लागतात. उजव्या कप्प्यासाठी एक तार छातीच्या उजव्या बाजूला न्यावी लागते. हे करायला पाच मिनिटं पुरतात, पण ते सुचावं लागतं.

छातीत दुखणारा माणूस आला की दहा मिनिटांच्या आत पहिला ईसीजी, दुखणं चालू असेल आणि कागद साफ असेल तर पंधरा ते तीस मिनिटांनी दुसरा, गरज पडली तर तिसरा, आणि ट्रोपोनिन एकदा आल्यावर आणि परत काही तासांनी. ट्रोपोनिन रक्तात चढायला वेळ लागतो, म्हणून तेही एकदाच करून भागत नाही. त्या पहिल्या दवाखान्यात तुमच्या बाबांचा ना दुसरा ईसीजी झाला, ना ट्रोपोनिन. केस करावी की नाही हे मी सांगणार नाही, पण कुणी विचारलंच तर बोट या जागेवर ठेवा.

हे मी इतक्या ठामपणे लिहिते आहे, कारण ही चूक मी केलेली आहे.

१९९१ सालची गोष्ट. गौरी जेवणाचा दिवस, मी तेव्हा एमडी करत होते. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात दुपारी पंचवीस पानं उठली होती. चारच्या सुमाराला मामा म्हणाले, ‘बेंबीच्या वर आवळल्यासारखं होतंय.’ दोनदा ओकारी झाली. मामीने ओवा दिला, आजीने हिंगाचं पाणी दिलं. मी हट्टाने त्यांना एका नर्सिंग होममध्ये नेलं. तिथलं मशीन एका वेळी एकच लीड काढायचं. लांबच लांब पट्टी निघायची, मग कात्रीने तुकडे कापून कार्डावर डिंकाने चिकटवायचे. ते मी स्वतः चिकटवले, एकेक पाहिला आणि म्हणाले, ‘मामा, हृदय ठणठणीत आहे, पुरण बाधलंय.’ त्यांचा चेहरा किती खुलला ते अजून दिसतं. आम्ही रिक्षाने घरी आलो. पहाटे मामेभाऊ सायकल मारत आला. आम्ही पोचेपर्यंत मामा गेले होते.

महिनाभराने ते कार्ड मी आमच्या सरांना दाखवलं. त्यांनी एव्हीएल लिहिलेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. तिथली टी लाट किंचित उलटी होती. हृदयाच्या खालच्या भिंतीचा अटॅक सुरू होताना वरच्या बाजूच्या या एका लीडमध्ये असा उलटा ठसा आधी उमटू शकतो, आणि खालच्या भिंतीचा अटॅक पुष्कळदा पोटदुखी आणि उलटीच्या रूपात येतो. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हे दिसलं नाही ते मी समजू शकतो. दुखत होतं ना त्यांना? मग अर्ध्या तासाने दुसरा का नाही काढलास?’

दोन वर्षांपूर्वी रविवार पेठेतले एक भांड्यांचे व्यापारी सकाळी सात वाजता माझ्याकडे आले. छातीत दाब, डाव्या हातात मुंग्या. ईसीजी काढला, जवळपास साफ. छातीवरच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारेत टी लाट जरा फुगीर वाटली, पण ‘वाटली’ एवढंच. ते शर्टाची बटणं लावायला लागले, कारण दुकानात माल उतरायचा होता. मी म्हटलं, ‘काका, वीस मिनिटं पडून राहा, माल उतरेल.’ तारा काढताना त्यांच्या छातीवर प्रत्येक तारेच्या जागी पेनाने खूण करून ठेवली, म्हणजे दुसरा ईसीजी तंतोतंत त्याच जागेवरून निघेल आणि दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतील. साडेसातला दुसरा काढला. त्याच दोन तारांमध्ये एसटी तीन मिलिमीटर वर. साडेआठच्या आत त्यांची नळी उघडली होती. पेनाच्या खुणा छातीवर तशाच होत्या, असं त्यांच्या मुलाने नंतर सांगितलं.

पहिल्या कागदाच्या भरवशावर राहिले असते, तर ते माल उतरवताना कोसळले असते.

म्हणून घरात कुणाला छातीत, जबड्यात, पाठीत किंवा बेंबीच्या वर दाबल्यासारखं होत असेल, सोबत घाम असेल, तर ईसीजी काढल्यावर डॉक्टरांना सरळ विचारा : ‘दुखणं अजून आहे. दुसरा ईसीजी कधी काढणार? ट्रोपोनिन करणार का?’ यात उद्धटपणा काही नाही. कुठलाही जाणता डॉक्टर या प्रश्नाने चिडणार नाही. जिथे दुसरा ईसीजी काढायची सोय नाही तिथून मोठ्या हॉस्पिटलात जा, घरी जाऊ नका. जाताना पेशंटला स्कूटरच्या मागे बसवून नेऊ नका, १०८ला फोन करा. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल आणि कुठून रक्त जात नसेल तर ३०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खायला द्या. घरात ७५च्या गोळ्या असतील तर चार. जिभेखालची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजारच्यांनी दिली म्हणून घेऊ नका. उजव्या कप्प्याचा अटॅक असेल तर तिने ब्लडप्रेशर धाडकन खाली येतं.

पंपिंग ४० टक्के म्हणजे हृदय साठ टक्के बंद, असं नव्हे. धडधाकट माणसाचंही ५५ ते ६५च असतं. शिवाय अटॅकनंतर काही आठवडे स्नायू गारठल्यासारखा असतो, त्यातला काही भाग परत काम करू लागतो. गोळ्या चुकवू नका, दीड-दोन महिन्यांनी इको परत करा, आणि तो मला कळवा.

प्रश्न : माझं वय ४६. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये ईसीजी काढला. वर छापून आलंय, ‘अँटेरोसेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमिन्ड. अ‍ॅबनॉर्मल ईसीजी.’ इंटरनेटवर पाहिलं तर इन्फार्क्ट म्हणजे अटॅक. मला कधी काही त्रास झालेला नाही. आणि फॉर्मवर मी वय लिहिलं होतं, तरी ‘वय अनिश्चित’ असं का आलं? चार रात्री झोप लागलेली नाही.
– एक वाचक, वानवडी

उत्तर : आधी तुमची झोप. ‘एज’ हे तुमचं वय नाही. त्या डागाचं वय. मशीनला म्हणायचं आहे, ‘इथे जुन्या अटॅकचा डाग असावा, पण तो केव्हाचा ते सांगता येत नाही.’ तुमच्यासारखी चार-पाच माणसं तरी दरवर्षी हाच कागद घेऊन रडवेल्या चेहऱ्याने माझ्यासमोर बसतात. हा मजकूर न समजावता पेशंटच्या हातात देणं मला क्रूरपणाचं वाटतं.

ते वाक्य कुठल्याही डॉक्टरने लिहिलेलं नाही. मशीनमध्ये मोजमापांचे ठोकताळे भरलेले असतात. छातीच्या पहिल्या तीन तारांत आर नावाची वर जाणारी लाट बुटकी दिसली की ते डागाचा अंदाज छापतं. बायकांमध्ये हा अंदाज चुकण्याचं सगळ्यात साधं कारण म्हणजे पहिल्या दोन तारा वर लागलेल्या असणं. तारा कुठे हव्यात ते तुम्हीच पाहा. गळ्याखालच्या खळगीपासून छातीच्या मधल्या हाडावरून बोट खाली आणा. तीन-चार बोटांवर एक आडवा उंचवटा लागेल. त्याच्या कडेला दुसरी बरगडी. तिच्या खालची फट दुसरी, मग तिसरी, मग चौथी. पहिल्या दोन तारा या चौथ्या फटीत, हाडाच्या उजव्या आणि डाव्या कडेला. घाईत, किंवा संकोचामुळे कपडा पुरेसा बाजूला न केल्यामुळे, त्या एक-दोन फटी वर चिकटतात आणि निरोगी बाईच्या कागदावर डाग उमटतो.

तुमच्या पत्रातून ब्लडप्रेशर, शुगर, घरातल्यांचा इतिहास कळत नाही, त्यामुळे ‘काही नाही’ असं मी इथून म्हणणार नाही. शुगर असलेल्यांना न दुखता अटॅक येऊन गेलेला असू शकतो, आणि तो कधी कधी अशाच कागदावर पहिल्यांदा समजतो. ईसीजी पुन्हा, नीट फटी मोजून काढून घ्या. तो साफ आला तर विषय संपला. तसाच आला तर एक इको करा. डाग खरा असेल तर ती भिंत इकोमध्ये हलताना आळशी दिसते.

काही तगड्या तरुण मुलांमध्ये एसटी एरवीही थोडी वर असते, ब्लडप्रेशरने जाड झालेल्या हृदयातही ती वर दिसते, आणि डाव्या बाजूची वीजवाहिनी अडलेली असेल तर अख्खा कागदच वेगळा दिसतो. त्यामुळे मशीनने ‘अ‍ॅबनॉर्मल’ छापलं म्हणून घाबरून जाऊ नका. आणि दुखत असताना मशीनने ‘नॉर्मल’ छापलं तर त्यावरही विसंबू नका.

चेकअपच्या नॉर्मल ईसीजीवरून नळ्या साफ आहेत असंही समजू नका. शांत पडलेल्या माणसाच्या नळीत मोठा अडथळा असला तरी ईसीजी निर्मळ असू शकतो. ‘किती टक्के ब्लॉक आहे ते ईसीजीत बघून सांगा’ असं मला रोज कुणीतरी म्हणतं. ते त्यात दिसत नाही.

प्रश्न : आम्ही भोर तालुक्यातले. सासऱ्यांना (वय ५८) शेतात छातीत कळ आली. तालुक्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, त्याचा फोटो पुण्याला पाठवला, फोनवर बोलले आणि तिथेच गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. मग अ‍ॅम्ब्युलन्सने पुण्याला पाठवलं. ते बरे आहेत. पण पुण्याचे नातेवाईक म्हणतात, तिथे वेळ घालवला, तडक पुण्याला आणायला हवं होतं. खरं आहे का? आणि पुण्यात पोचल्यावर लगेच परत ईसीजी का काढला?
– एक वाचक, भोर

उत्तर : अजिबात नाही. त्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी वेळ वाचवला.

नळी बंद झाल्यापासून दर मिनिटाला स्नायू मरत असतो. ईसीजीवर एसटी वर दिसली की दोनच वाटा असतात. फुग्याने नळी उघडणं ही जास्त चांगली वाट, पण ते निदान झाल्यापासून दोन तासांच्या आत व्हायला हवं. ते जमणार नसेल, आणि मेंदूतला रक्तस्राव, नुकतंच मोठं ऑपरेशन असं काही नसेल, तर जिथे आहात तिथेच, अर्ध्या तासाच्या आत गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. ते पहिल्या तीन तासांत सर्वांत चांगलं लागू पडतं. आता भोरहून निघा. कापूरहोळ, खेड शिवापूरचा टोलनाका, कात्रज, आणि रविवारची संध्याकाळ असेल तर सिंहगडावरून उतरलेल्या गाड्याही शहरातल्या गर्दीत भर घालतात. हॉस्पिटलच्या दारात पोचल्यावर कॅथलॅब, म्हणजे नळी उघडायची खोली, तयार होऊन नळी उघडेपर्यंतचा वेळ वेगळाच. दोन तासांत हे बसलं नसतं. त्या डॉक्टरांनी ईसीजी वाचून हा हिशेब मांडला आणि बरोबर मांडला.

पुण्यात पोचल्यावर लगेच परत ईसीजी का काढला, हेही तुम्ही विचारलंय. इंजेक्शन लागू पडलं का, ते त्यावरून कळतं. तास-दीड तासाने वर गेलेली एसटी निम्म्याहून जास्त खाली आली असेल आणि दुखणं ओसरलं असेल तर नळी बहुधा उघडली. नसेल तर ताबडतोब फुगा. उघडली असली तरी पुढच्या चोवीस तासांत अँजिओग्राफी करतातच, कारण गुठळी गेली तरी तिच्याखालचा अडथळा तिथेच असतो. इंजेक्शन देऊनही पुण्याला पाठवलं, ते यासाठी.

प्रश्न : सासूबाई (७२) ईसीजीला तयारच होत नाहीत. एक तर ब्लाऊज काढायचा संकोच, आणि ‘त्या वायरींतून करंट सोडतात’ ही भीती. मंगळसूत्र काढावं लागतं का? मागे एकदा त्यांनी ब्लाऊज अंगात ठेवूनच काढून घेतला होता.
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : करंटचं आधी, कारण ते सोपं आहे. त्या तारा काही सोडत नाहीत, फक्त ऐकतात. हृदयाची वीज छातीवर पोचते तेव्हा जेमतेम एक मिलिव्होल्ट उरते. घरच्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल दीड व्होल्टचा, म्हणजे दीड हजार पट. सासूबाईंना तो सेल दाखवून सांगा, पटेल. इतकी बारीक वीज पकडता यावी म्हणून हॉलंडमधल्या लायडनच्या विलेम आइंटहोवन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जे यंत्र बनवलं ते तीनशे किलोच्या घरात होतं. पेशंट दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचा. १९२४ साली त्यांना नोबेल मिळालं. भांड्यांच्या जागी आता मनगटाला लावायचे चिमटे आले, पण लीड एक, दोन, तीन ही त्यांची नावं आजही प्रत्येक कागदावर असतात.

संकोचाचं मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या आईनेही तो केला होता. वर वानवडीच्या पत्राला लिहिलं आहे तसं, ब्लाऊजमधून चाचपडत लावलेल्या तारांनी नसलेला अटॅक दिसतो, आणि असलेला दिसायचा राहू शकतो. काही तारा डाव्या स्तनाच्या खाली लावाव्या लागतात, त्याला पर्याय नाही. पण पर्याय बाकीच्या गोष्टींत आहेत. ईसीजी काढणारी बाई असेल अशा ठिकाणी जा, किंवा तशी मागणी करा. पुढे बटणं असलेला ब्लाऊज किंवा गाऊन घालून न्या. तारा लागल्या की वरून ओढणी किंवा चादर पांघरता येते, रेषेला काही होत नाही. तुम्ही त्यांच्या उशाशी उभ्या राहा. मंगळसूत्र काढायची गरज नाही, तारेखाली आलं तर नुसतं खांद्यावर सरकवायचं.

बायका उशिरा येतात. दुखणं अंगावर काढतात, घाम आणि थकवा स्वयंपाकघराच्या उकाड्यावर ढकलतात, आणि आल्या तरी पदर सोडत नाहीत. सासूबाईंना हे सगळं तब्येत बरी असताना, निवांतपणे सांगा. रात्री दोन वाजता त्या ऐकणार नाहीत.

प्रश्न : मुलाने अमेरिकेहून ईसीजी काढणारं घड्याळ पाठवलंय. त्यात ‘सायनस ऱ्हिदम’ आला तर अटॅक नाही, असं समजायचं का?
– एक वाचक, बाणेर

उत्तर : नाही. घड्याळ बारापैकी एकच बाजू पाहतं आणि ठोके नियमित आहेत का, एवढंच सांगतं. ठोक्यांचा एक विशिष्ट गोंधळ, एट्रियल फिब्रिलेशन, त्यात सापडू शकतो आणि त्यासाठी ते चांगलं आहे. अटॅक पुष्कळदा ठोके अगदी नियमित असतानाच येतो. छातीत दुखत असेल तर घड्याळाकडे पाहण्यात एक मिनिटही घालवू नका.

प्रश्न : जुने ईसीजी जपून ठेवावेत म्हणून अप्पा बळवंत चौकातून लॅमिनेट करून आणले, तर सगळे काळेठिक्कर पडले. आता काय करू? आणि मुळात ते ठेवायची गरज आहे का?
– एक वाचक, शनिवार पेठ

उत्तर : गरज नक्की आहे. छातीत दुखत असताना कागदावर काही वेगळं दिसलं, तर आमचा पहिला प्रश्न असतो, ‘हे आधीपासून होतं का?’ जुना ईसीजी शेजारी ठेवला की उत्तर मिनिटात मिळतं.

काळे पडलेले मात्र परत येणार नाहीत. आजकालचा ईसीजीचा कागद उष्णतेनेच छापला जातो, त्यामुळे लॅमिनेशनच्या गरम रोलरखाली तो सगळाच छापला जातो. तसाच ठेवला तरी वर्षा-दोन वर्षांत फिका होतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात आणखी लवकर. निघाल्या निघाल्या उजेडात, सपाट ठेवून मोबाइलवर फोटो काढा आणि साधी झेरॉक्स करून फाइलला लावा. फोटो घरातल्या दोन जणांच्या तरी मोबाइलमध्ये असू द्या, कारण पेशंटचा फोन अशा वेळी नेमका घरी राहतो. आणि झेरॉक्सच्या कोपऱ्यात तारखेसोबत पेनाने लिहून ठेवा, ‘काढताना दुखत होतं’ किंवा ‘काढताना दुखत नव्हतं’. मशीन ते छापत नाही.